नेरूळचं स्टेडियम : फुटबॉल आला की मधल्या स्क्वेअरचं काय करतात?

आकडेमोड (धागाकर्ता)

नवी मुंबईत नेरूळला असलेल्या डी. वाय. पाटील स्टेडियमचा इतिहास दोन वेगळ्या वह्यांत लिहिला जातो. क्रिकेटवाले आयपीएलच्या पहिल्या फायनलपासून सुरुवात करतात आणि २०२५ च्या महिला विश्वचषकावर थांबतात. फुटबॉलवाल्यांच्या वहीत मुंबई सिटी हा क्लब आणि फिफाच्या दोन स्पर्धा. दोन्ही वह्यांतल्या तारखा एकाच रेघेवर मांडल्या की खरा प्रश्न दिसतो, म्हणून हा धागा.

४ मार्च २००८ ला मैदान सुरू झालं. आराखडा हफीज कॉन्ट्रॅक्टर यांचा. छत पुढे झेपावलेलं, त्यामुळे प्रेक्षकांच्या नजरेआड येणारा खांब नाही. तीनच महिन्यांत, १ जून २००८ ला, आयपीएलची पहिली फायनल इथे झाली. चेन्नईच्या १६३ धावा राजस्थानने शेवटच्या चेंडूवर ३ गडी राखून पार केल्या. २५ एप्रिल २०१० ची फायनलही इथेच, चेन्नईने मुंबईला २२ धावांनी हरवलं. २०११ ला पुणे वॉरियर्सचं घरचं मैदान हेच होतं, कारण पुण्याजवळचं गहुंजेचं स्टेडियम अजून तयार व्हायचं होतं. त्यानंतर आयपीएल इथे परतली ती थेट २०२२ ला.

मधली जागा फुटबॉलने भरून काढली. २०१४ आणि २०१५ ला मुंबई सिटीचे घरचे सामने (१८ ऑक्टोबर २०१४ ला पुण्याविरुद्ध ५-०, आंद्रे मोरित्झची हॅटट्रिक, आयएसएलमधली म्हणजे इंडियन सुपर लीगमधली पहिलीच), मग २०१७ चा सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक.

आता २०२२ हे एकच वर्ष बघा.

६ फेब्रुवारी : महिला आशियाई चषकाची फायनल, चीन ३, दक्षिण कोरिया २.
२७ मार्च : आयपीएल, बंगळूरु २०५, पंजाबने १९ षटकांत २०८. मोसमात इथे एकूण २० सामने.
३० ऑक्टोबर : सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची फायनल, स्पेन १, कोलंबिया ०.
९ डिसेंबर : भारत-ऑस्ट्रेलिया महिला टी-ट्वेंटी.

म्हणजे फुटबॉलच्या फायनलपासून क्रिकेटच्या पहिल्या चेंडूपर्यंत एकदा ४९ दिवस आणि एकदा ४० दिवस. तेवढ्या दिवसांत मैदानाच्या मधोमध, क्रिकेटच्या पट्ट्यांच्या चौकोनात (तोच स्क्वेअर), जे करावं लागतं, त्यावर जाणकारांनी लिहावं. गॅलरी, पार्किंग, तिकिटं यावर इतर धागे आहेत.

हरळीवाला

छान मांडणी. आधी भूमिती समजून घेऊ, म्हणजे अडचण कुठे आहे ते कळेल.

फुटबॉलचं मैदान १०५ बाय ६८ मीटर. मधलं वर्तुळ ९.१५ मीटर त्रिज्येचं, म्हणजे १८.३ मीटर व्यासाचं. क्रिकेटची एक पट्टी २०.१२ मीटर लांब आणि ३.०५ मीटर रुंद. दहा पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या की स्क्वेअरची रुंदी ३०.५ मीटर होते. लांबीत दोन्ही टोकांना यष्टीमागची जागा मोजली की साधारण २५ मीटर. म्हणजे क्रिकेटचा स्क्वेअर फुटबॉलच्या मधल्या वर्तुळापेक्षा मोठा. वर्तुळ त्याच्या आत बसतं आणि दोन्ही बाजूंना स्क्वेअर उरतो. दोन्ही खेळांना उत्तर-दक्षिण दिशा लागते (संध्याकाळचा सूर्य डोळ्यांत नको), त्यामुळे मैदान आडवं फिरवून सुटका होत नाही.

आता मातीचं बघू. आउटफिल्ड (स्क्वेअरभोवतीचं गवताळ मैदान) वाळूवर उभं असतं आणि स्क्वेअर चिकणमातीवर. वाळूचं काम पाणी खाली सोडायचं, चिकणमातीचं काम ते धरून ठेवायचं. पट्टीच्या वरच्या थरात निम्म्याच्या आसपास चिकणमाती लागते, नाहीतर रोलरखाली ती घट्ट बसत नाही आणि उसळी मिळत नाही. तीच माती फुटबॉलला शत्रू. कोरडी असली तर सिमेंट, ओली असली तर साबण. स्टड (बुटांच्या तळाचे खिळे) रुतत नाहीत, घसरतात.

गवत मात्र दोन्हीकडे एकच. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच, सुधारलेल्या जातीची. फरक उंचीचा. पट्टीवर सामन्याच्या दिवशी ५ ते ८ मिमी, क्रिकेटच्या आउटफिल्डवर १२-१५, फुटबॉलला २५ ते ३०. १२ वरून २५ ला जायला पंधरा दिवस पुरतात, कापणी थांबवली की झालं. २५ वरून १२ ला एकदम आणलं तर मैदान पिवळं पडतं, कारण हिरवं पान वरच असतं आणि खाली नुसत्या काड्या. एका कापणीत उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढायचं नाही. २५ वरून १८, १८ वरून १२, मध्ये तीन-चार दिवसांची विश्रांती.

गोली_कळवा

फुटबॉलच्या बाजूने एक जोड. स्क्वेअर मध्यभागी असल्यामुळे गोलपोस्टसमोरची जागा आउटफिल्डमध्ये येते, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. सगळ्यात जास्त झीज गोलसमोरच्या सहा यार्डांत आणि लाइन्समनच्या पट्ट्यात होते. ती वाळूवर असेल तर दुरुस्त होते. चिकणमातीवर मधल्या फळीचा खेळ होतो आणि तिथे चेंडूची उसळी बदलते. लांबून मारलेला चेंडू स्क्वेअरवर टप्पा पडून जास्त उडतो, गवतावर पडला की मरतो. खेळाडूला टप्पा कुठे पडणार ते पाहून अंदाज बदलावा लागतो. प्रेक्षकाला हे दिसत नाही, तो ‘काय कंट्रोल आहे याचा’ म्हणून मोकळा.

२०१६ लाही मुंबई सिटी इथेच होती ना?

आकडेमोड

नाही. २०१६ ला ते अंधेरीच्या क्रीडासंकुलात गेले, मुंबई फुटबॉल अरेनावर. तिथे मध्ये पट्टी नाही आणि प्रेक्षक रेषेच्या जवळ बसतात. नेरूळला बाउंड्री गोल असल्यामुळे फुटबॉलच्या लांब बाजूला खूप जागा रिकामी राहते.

कोपऱ्यांचं गणित उलट आहे. १०५ बाय ६८ च्या मध्यापासून कॉर्नर फ्लॅग ६२.५ मीटरवर येतो. रेषेबाहेर प्रत्येक बाजूला ६ मीटर मोकळी जागा धरली (११७ बाय ८०), तर बाहेरचा कोपरा जवळजवळ ७१ मीटरवर जातो. क्रिकेटमध्ये पुरुषांची बाउंड्री कुठेही ९० यार्डांपेक्षा (८२.२९ मीटर) लांब आणि ६५ यार्डांपेक्षा (५९.४३) जवळ नसावी असा नियम आहे. म्हणजे क्रिकेटला ६५ मीटर चालून जातात, पण फुटबॉलला कोपऱ्यांत ७१ पर्यंत गवत लागतं. मैदान बांधतानाच हे धरलं नाही तर कॉर्नर किक घेणारा जाहिरातफलकावर पाय देऊन धावत येतो.

हरळीवाला

आता मुख्य प्रश्न. स्क्वेअरवर फुटबॉल खेळवायच्या दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत स्वस्तातली. स्क्वेअर तसाच ठेवायचा, रोलर बंद, हरळी वाढू द्यायची, खिळ्यांच्या यंत्राने भोकं पाडून मोकळा करायचा आणि सामन्याआधी हलकं पाणी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला चालतं. दर्जेदार स्पर्धेला चालत नाही, आणि नुकसान क्रिकेटचं होतं. ओलसर चिकणमातीत स्टडची भोकं पडतात, ती तशीच वाळतात. वरून माती भरली तरी भरलेली माती आणि भोकाची कड वेगवेगळ्या वेगाने आकसतात. पुढच्या मोसमात चेंडू त्या कडेवर पडला की एक गुडघ्याखाली, एक छातीवर.

दुसरी पद्धत लाद्यांची. स्क्वेअरचा वरचा ४-५ सेंमी थर खरवडून काढायचा किंवा खाली तसाच ठेवून वर जिओटेक्स्टाइल कापड, वाळूचा थर आणि त्यावर तयार हिरवळीच्या जाड लाद्या. खरवडलं नाही तर मध्यभागी उंचवटा येतो, त्यामुळे उतार आउटफिल्डमध्ये लांबवर विरवावा लागतो. हिशोब करा. ३० बाय २५ म्हणजे ७५० चौरस मीटर. ४ सेंमी जाडीने ३० घनमीटर, वजनात ४८-५० टन. दहा टनी पाच ट्रक माती काढायची आणि तेवढंच आत आणायचं. हे ट्रक आउटफिल्डवरून न्यायचे नाहीत. प्लायवूड किंवा प्लास्टिकच्या जाड फळ्या टाकून त्यावरून छोटी गाडी. एकदा चाकाने वाळूचा थर दाबला की त्या दोन रेषांत पुढच्या पावसात पाणी साचतंच.

सगळ्यात मोठी चूक लाद्यांच्या निवडीत होते. आपल्याकडच्या नर्सरीत कार्पेट लॉन लाल मातीवर वाढवतात, कारण ती मुळांशी चिकटून राहते आणि लादी न तुटता गुंडाळता येते. ही लादी वाळूवर टाकली की मधे मातीचा पापुद्रा तयार होतो. पाणी त्याच्या वर अडतं आणि मुळं खाली उतरतच नाहीत. आठ दिवसांनी लादीचं टोक हाताने उचलून बघा. पोळीसारखी उचलली गेली तर मुळं धरलेली नाहीत, आणि खेळाडू वळला की लादीसकट घसरणार. लादी वाळूवर वाढवलेलीच घ्यायची, नाहीतर मुळं धुऊन टाकायची. महाग आहे, पण दुसरा उपाय नाही.

जाड लादी स्वतःच्या वजनाने बसते, आठ-दहा दिवसांत खेळता येतं. पातळ लादीला तीन ते चार आठवडे.

चुनाफळी

फुटबॉलकडून क्रिकेटकडे परत यायचं काम जास्त नाजूक आहे. आकडेमोड यांनी काढलेले ४० दिवस ऐकायला खूप वाटतात, प्रत्यक्षात हाताशी काहीच राहत नाही.

लाद्या उचलल्यावर पहिलं काम वाळू काढणं. झाडून नव्हे, पार. ताठ झाडू, मग ब्लोअर, मग वरचा थर किंचित खरवडून. चिकणमातीच्या दोन थरांमध्ये वाळूची बोटभर रेष राहिली तर ते दोन थर कधीच एक होत नाहीत. रोलर फिरवला की वरचा थर खालच्यावर सरकतो. मॅचच्या दिवशी पट्टी वरून टणक दिसते, पण चेंडूचा जोर त्या रेषेत मरतो. मग चेंडू खाली राहतो, आणि दुसऱ्या डावात वरचा पापुद्रा सुटून निघतो. लोक म्हणतात क्युरेटरने (पट्टी तयार करणाऱ्याने) स्पिनरसाठी बनवली. मूळ कारण गेल्या मोसमातली वाळू असते.

मग भरायची माती. जुन्या पट्टीचीच हवी, त्याच खाणीतली. लाल मातीवर काळी भरली तर काळी जास्त आकसते आणि ताटासारखी कडा उचलून सुटते. म्हणून जाणते लोक पहिल्या दिवशी खरवडलेली माती फेकत नाहीत. चाळून, ताडपत्रीखाली कोरडी ठेवतात. पट्टीच्या दृष्टीने ती सोन्यासारखी.

भरणी एका वेळी ५-६ मिमीपेक्षा जास्त नाही. खालचा थर दंताळ्याने ओरखडून ओला करायचा, मग नवा थर.

हरळी नव्याने लावायची तर सहा ते आठ आठवडे लागतात. ४० दिवसांत ते बसत नाही. म्हणूनच काही पट्ट्या फुटबॉलच्या काळातही झाकून, वरून फारसं न उकरता जिवंत ठेवाव्या लागतात. सगळा स्क्वेअर एकदम उकरणं हा आत्मघात.

त्यापुढे एका पट्टीची मॅचपूर्व तयारी १०-१२ दिवसांची. पहिल्या दोन दिवसांत भरपूर पाणी, १० सेंमी खोल ओल जाईपर्यंत. सुरी खुपसून बघायची, जिथे अडते तिथे ओल संपली. मग वाट बघायची. अंगठा दाबला तर ठसा उमटावा, पण माती बोटाला चिकटू नये, तेव्हा हलका रोलर (पाव ते अर्धा टन), आधी आडवा-तिरका, मग लांबीत. घाई केली तर माती रोलरला चिकटते आणि पट्टीत लाटा येतात. उशीर केला तर फक्त वरचा अर्धा सेंमी चकाकतो, खाली पोकळ. रोज वजन वाढवत टन-दीड टनापर्यंत. नवी मुंबईत ऑक्टोबरला दुपारी उन्हाचा चटका आणि रात्री दमट हवा, त्यामुळे दुपारी ओलं गोणपाट टाकून वरचा थर खालच्याआधी वाळू द्यायचा नाही.

पाणकळा

पावसाबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. या मैदानाचा अर्धा इतिहास पावसाचाच आहे.

११ नोव्हेंबर २००९. भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेतला सातवा एकदिवसीय सामना. एकही चेंडू न टाकता रद्द. इथला पुरुषांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना तो होणार होता. परतीच्या पावसाने घोळ घातला.

आकडेमोड

परतीचा पाऊस नव्हे. तो दिवस फयान चक्रीवादळाचा. परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्ये संपलेला असतो. बाकी बरोबर.

पाणकळा

मान्य, फयानच. वादळापुढे कुठलाही निचरा चालत नाही, तो सामना बाजूला ठेवू. निचऱ्याची परीक्षा बघायची तर २५ ऑक्टोबर २०१७ बघा. सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामने त्या दिवशी होते. ब्राझील-इंग्लंड गुवाहाटीला ठरला होता, पण तिथलं मैदान पावसाने खराब झालं आणि सामना कोलकात्याला हलवावा लागला. स्पेन-माली नेरूळलाच झाला, स्पेन ३-१.

आणि २ नोव्हेंबर २०२५, महिला विश्वचषकाची फायनल. नाणेफेक दुपारी अडीचला होती, ती साडेचारनंतर झाली, खेळ ५ वाजता सुरू. एकही षटक कमी झालं नाही. भारत ७ बाद २९८, दक्षिण आफ्रिका २४६. दीप्ती शर्माचे ३९ धावांत ५ बळी सगळ्यांच्या लक्षात आहेत. त्या दुपारी कव्हरं ओढणाऱ्यांचं नाव कोणी घेत नाही.

वाळूच्या आउटफिल्डची रचना वरून खाली अशी : ३० सेंमी वाळू (थोडं सेंद्रिय खत मिसळून), त्याखाली १० सेंमी बारीक खडी, त्याखाली चरांत भोकांचे पाइप, माशाच्या काट्यासारखे, ४.५ ते ६ मीटर अंतरावर. वाळू आणि खडीचा आकार एकमेकांना जुळायला हवा. खडी फार जाड असेल तर वाळू तिच्यात उतरते आणि पाइप भरतात. नवी मुंबईत वर्षाला साधारण अडीच हजार मिमी पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. खाडीकाठचा भाग असल्याने भरतीच्या वेळी बाहेरच्या नाल्याची पातळी चढते. तुमचे पाइप कितीही चांगले असोत, नाला भरला की पाणी उलटं येतं. त्यासाठी एकतर्फी झडप आणि पंप लागतात. पाइपांची तोंडं एप्रिल-मेमध्ये उघडून पाण्याच्या दाबाने धुवायची. जूनमध्ये आठवण झाली तर उशीर.

स्क्वेअरला यातलं काहीच लागू नाही. चिकणमाती निचरा करत नाही, म्हणून फक्त ती झाकायची. कव्हरवरचं पाणी कुठे ओतायचं हे आधी ठरवलेलं हवं. घाईत कव्हर उचलून तिथेच उपडं केलं तर ३० यार्डांच्या रिंगणात डबकं होतं आणि पंच नेमकं तेच बघतात. गोलंदाजाचा रनअप झाकायला लोक विसरतात. सामना सुरू व्हायला उशीर होतो तो बरेचदा पट्टीमुळे नाही, रनअपमुळे.

ओल्या आउटफिल्डचा धोका वेगळाच. २६ ऑक्टोबर २०२५ ला बांगलादेशविरुद्धचा सामना पावसाने २७ षटकांचा झाला आणि शेवटी रद्द. त्यातच क्षेत्ररक्षण करताना प्रतिका रावलचा घोटा मुरगळला. तिच्या जागी आलेल्या शेफाली वर्माने फायनलला ८७ धावा केल्या.

गोली_कळवा

पावसात क्रिकेट खेळायची मुंबईला सवय आहे, कांगा लीग १९४८ पासून आहे. पण तिथे पट्टी मऊच असते, हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं असतं. स्टेडियमवर कोणी मान्य करत नाही.

दवाचं काय?

पाणकळा

दव ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत भरपूर, खाडी जवळ असल्याने. उपाय साधे आहेत. दोन माणसांनी जाड दोरी ताणून आउटफिल्डवरून ओढायची, पानावरचे थेंब तुटून जमिनीत जातात. पण अर्ध्या तासात पुन्हा येतात. वर फवारतात ते द्रव्य पानावर थेंब जमू देत नाही. सामन्याच्या आदल्या दिवसापासून आउटफिल्डला पाणी बंद. फुटबॉलला नेमकं उलटं, तिथे सामन्याआधी मुद्दाम पाणी मारतात, चेंडू सरकावा म्हणून.

आकडेमोड

पट्टीवर एक प्रश्न. १४ डिसेंबर २०२३ पासून इथे भारत-इंग्लंड महिला कसोटी झाली. पहिल्या दिवशी भारत ७ बाद ४१०, दुसऱ्या दिवशी दोन्ही संघांचे मिळून १९ गडी बाद, तिसऱ्या दिवशी ३४७ धावांनी विजय. महिला कसोटीतला धावांनी सर्वांत मोठा विजय. दीप्ती शर्मा पहिल्या डावात ७ धावांत ५. पट्टी एका रात्रीत बदलली का?

चुनाफळी

एका रात्रीत नाही बदलत. कसोटीच्या पट्टीत ओल खोलवर ठेवतात, वरचा थर आधी वाळतो. पहिल्या दिवशी ती घट्ट असते म्हणून चेंडू बॅटवर येतो. वरचा थर सुटायला लागला की चेंडू पकड घेतो. डिसेंबरमध्ये इथे हवा कोरडी आणि वारा असतो, वाळणं वेगात होतं. पण १९ गड्यांचं खापर नुसतं मातीवर फोडू नका. दीप्तीची गोलंदाजी आणि ४२८ धावांचं ओझंही होतंच.

नवखा_ऐरोली

मैफलींबद्दल कोणी सांगेल का? जानेवारी २०२५ ला कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, १८, १९ आणि २१ तारखेला, आणि २२ फेब्रुवारीला तिथेच माजी खेळाडूंच्या मास्टर्स लीगचा सामना. गवत जगतं कसं?

हरळीवाला

झाकलेलं गवत उन्हाळ्यात दोन दिवस, हिवाळ्यात तीन ते चार दिवस सहन करतं. त्यापुढे पिवळं आणि मग बुरशी. म्हणून पारदर्शक, भोकं असलेल्या फळ्या टाकतात, अपारदर्शक नाही. आधी दोन-तीन दिवस पाणी बंद, म्हणजे खाली दमट होत नाही. युरियासारखं नत्र आधी टाकायचं नाही, कोवळी पानं लगेच सडतात. दोन कार्यक्रमांत एक दिवसाची फट असली तर शक्य तितक्या फळ्या उचलून हवा द्यायची.

रंगमंचाच्या पायांखालचा भाग मात्र जातोच, तिथे नव्या लाद्या. गर्दीखालचं गवत मरत नाही, जमीन दबते. मग पोकळ खिळ्यांचं यंत्र, ७-१० सेंमी खोल मातीच्या गुल्ल्या बाहेर काढायच्या, गोळा करायच्या आणि भोकांत वाळू भरायची. गुल्ल्या तिथेच सोडून वरून झाडू फिरवणारे पाहिले की वाईट वाटतं, काढलेलंच परत आत ढकलतात. स्क्वेअरवर मात्र कोणाला उभं राहू द्यायचं नाही, कुंपण घालायचं.

महिन्याभरात हरळी भरून येते, कारण नवी मुंबईचा जानेवारी तिला थंड नाही. उत्तरेत हेच काम दुप्पट वेळ घेईल.

नवखा_ऐरोली

आणि पाणी किती लागतं?

आकडेमोड

७० मीटर त्रिज्या धरली तर क्षेत्र साधारण १५,४०० चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिमी म्हणजे ७७ हजार लिटर. दहा हजारांचे आठ टँकर, रोज.

पाणकळा

त्यात एक मेख. खाडीकाठी बोअरचं पाणी खारट लागू शकतं. हरळी ते सहन करते, पण स्क्वेअरची चिकणमाती करत नाही. सोडियम बसला की माती विरघळल्यासारखी होते, वर पांढरट कवच धरते आणि रोलरखाली बसत नाही. आउटफिल्डला बोअर, स्क्वेअरला गोडं पाणी, अशी वेगळी लाइन हवी. बिघडलेल्या मातीला जिप्सम आणि गोड्या पाण्याची भरपूर धुलाई, पण स्क्वेअर धुणं म्हणजे महिना गेला.

गोली_कळवा

स्टेडियमचं झालं. ठाणे-कळव्याकडच्या साध्या मैदानांवर पावसाळ्यात फुटबॉल आणि दिवाळीनंतर क्रिकेट हेच चालतं, आणि मध्ये बहुतेक सिमेंटची पट्टी असते. लोक तिच्यावर मुरूम पसरून फुटबॉल सुरू करतात. दोन-तीन सेंमी मुरूम पहिल्या जोरदार सरीत वाहून जातो आणि सिमेंटची कड उघडी पडते. घोटे तिथेच मोडतात. दादोजी कोंडदेवसारखं मोठं मैदान सगळ्यांना मिळत नाही, त्यामुळे उपाय सांगा.

चुनाफळी

मुरूम टाकूच नका. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे फुटबॉलचं मैदान सरकवणं. पट्टी टचलाइनच्या बाहेर किमान ३ मीटर जाईल असं. मैदान लहान होईल, होऊ द्या. नियमात १०५ बाय ६८ सक्तीचं नाही, साध्या सामन्यांना ९० बाय ४५ पर्यंत मुभा आहे.

सरकवणं शक्यच नसेल तर सिमेंटच्या चारही कडांना दोन फूट रुंदीचा उतार मातीने बांधून घट्ट ठोकायचा, कडेशी पातळी अगदी सारखी. पट्टीवर जुनं मॅटिंग नाही, त्यात स्टड अडकतो. जाड रबरी चटई, कडेने खिळे न मारता मातीत पुरलेली. दर सरीनंतर फिरून कड तपासायची.

आणि फक्की आखताना मधलं वर्तुळ सिमेंटवर रंगाने काढू नका. ऑक्टोबरमध्ये तोच रंग क्रीजशी मिसळतो आणि अंपायर नो-बॉलवर वाद घालत बसतो.

नवखा_ऐरोली

मॅटिंग काढल्यावर सिमेंटवर शेवाळ धरतं, त्याला?

चुनाफळी

ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून, तारेच्या ब्रशने. अर्धा तास ठेवून धुवायचं. पाणी गवताकडे जाऊ द्यायचं नाही, उताराच्या बाजूला चर काढा.